दोनशे अकरा दिवसांचा थर

मी एक जुनी नळी आहे. साधी नव्हे, क्वार्ट्झची. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला कोणी नुसते ‘काचेची नळी’ म्हटले की अजूनही माझे डोके फिरते. साधी काच भट्टीत गेली की मऊ पडते आणि मान टाकते. मी हजार अंशांच्या धगीत ताठ बसून राहिलेली आहे. माझी लांबी मोठ्या माणसाच्या हाताएवढी, आणि आत अंगठा सहज जाईल एवढी माझी पोकळी. सध्या माझा मुक्काम एका घराच्या खिडकीत आहे. सकाळचे ऊन आले की मी लखलखते आणि घरी आलेली माणसे म्हणतात, “किती छान ठेवलीय हो ही!” मित्रांनो, मी लखलखते हेच माझे दुःख आहे. ते कसे, हे समजायला मुळापासून सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म एका संशोधन संस्थेच्या तळघरात झाला. तिथे काचकामाची एक कार्यशाळा होती आणि तिचे राजे होते फुंकरकाका. हजेरीपटावर त्यांचे दुसरे काही नाव असेलही, पण संचालकांपासून माळ्यापर्यंत सगळे त्यांना फुंकरकाकाच म्हणत. शास्त्रज्ञांनी कागदावर वेडेवाकडे चित्र काढून आणायचे आणि काकांनी काच तापवून, तोंडाने फुंकून तसे भांडे हातात ठेवायचे, असा तिथला शिरस्ता. काकांच्या डोळ्यांवर काळा चष्मा असे, ओठांत रबराची बारीक नळी असे, आणि समोर फिरत्या लेथवर पांढरीशुभ्र होऊन झगझगणारी काच असे. काम झाले की ते काच उजेडासमोर धरून एक डोळा मिटून पाहत. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची भांडी होती, स्वच्छ आणि घाणेरडी. घाणेरडे भांडे परत आणणाऱ्या शास्त्रज्ञाची ते अशी काही हजेरी घेत की पुन्हा तो तळघराची पायरी उतरायला कचरायचा.

काकांना एक मुलगी होती. तिची आई लवकर गेली, त्यामुळे शाळा सुटली की ती थेट कार्यशाळेत यायची आणि एका उलट्या खोक्यावर बसून बर्नरच्या ठिणग्या मोजायची. म्हणून काकांनी तिचे नाव ठेवले ठिणगी. मोजता मोजता ती मोठी झाली, शिकली, आणि त्याच संस्थेत दुसऱ्या मजल्यावर तिला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. आता विद्यार्थी तिला मॅडम म्हणत. काका मात्र भर जिन्यात “ठिणगे, डबा खाल्लास का?” असे ओरडत, आणि ती रागावल्याचे सोंग करून हसू दाबत पुढे जाई.

एके दिवशी ती तळघरात उतरली ती स्वतःचे चित्र घेऊनच. वायूपासून अतिशय बारीक कण, म्हणजे नॅनोकण, बनवायचे तिने मनावर घेतले होते आणि त्यासाठी तिला नळी हवी होती.

“बाबा, भिंत सगळीकडे सारखी जाड हवी. केसाचाही फरक नको,” ती म्हणाली.

“केसाचा फरक मला डोळे मिटून कळतो. तू तुझ्या वायूचं बघ.”

तोंडाने असे म्हणाले खरे, पण त्या कामाने काकांचा पिच्छा पुरवला. पहिल्या सहा नळ्या त्यांनी स्वतःच नापास केल्या. सातवी मी. माझ्यातही एका टोकाजवळ तिळाएवढा बुडबुडा राहिलाच होता. काकांनी मला कितीतरी वेळ फिरवून पाहिले आणि म्हणाले, “राहू दे. हिच्या अंगावर तीळ आहे. कुठे हरवली तर ओळखू येईल.” मला त्यांनी मऊ कापडात गुंडाळले आणि तीन मजले चढून स्वतः वर नेऊन दिले. चढताना दर दहा पायऱ्यांवर थांबत होते, ते दम लागल्यामुळे की मला जपण्यासाठी, हे मला तेव्हा कळले नाही.

आता माझ्या कामाविषयी सांगते. सिलेन नावाचा एक तापट वायू असतो. हवेशी गाठ पडली की तो पेट घेतो, म्हणून त्याला बंदोबस्तात ठेवावे लागते. माझ्या एका तोंडातून तो आर्गॉन या थंड स्वभावाच्या वायूबरोबर आत येई. मी भट्टीच्या पोटात आडवी पडलेली असे. धग लागली की सिलेनचे तुकडे होत, त्यातले सिलिकॉनचे अणू एकमेकांना धरत, दोनाचे चार होत, चाराचे चाळीस होत आणि त्यातून एक कण जन्माला येई. पलीकडच्या तोंडाशी एक गाळणकागद होता, त्यावर हे सगळे कण जाऊन बसत. तुमच्या डोक्यावरचा एक केस आडवा धरला तर त्याच्या जाडीत असे वीस हजार कण ओळीने उभे राहतील.

एवढ्याशा कणांचे कौतुक कशासाठी, असे तुम्ही विचाराल. सिलिकॉनचा खडा हातात घ्या, तो आपला करडा आणि मुका. पण त्याच सिलिकॉनचा कण पुरेसा लहान झाला की तो जांभळ्या दिव्याखाली नारिंगी प्रकाश देतो. थोडा मोठा झाला की तो प्रकाश लाल आणि मंद होतो, आणखी मोठा झाला की विझतोच. ठिणगीला सगळे कण एकाच मापाचे हवे होते. रोग्याच्या शरीरात सोडून रोगाची जागा दाखवणारी, विष नसलेली खूण त्यातून करता येईल, अशी तिची आशा होती.

पहिले तेरा प्रयोग फुकट गेले. दर वेळी कागदावर करडी भुकटी. प्रयोग झाला की माझ्या आत तपकिरी पातळ थर धरे. मग मला थंड करायचे, गरम कॉस्टिक सोड्याने तो थर खरवडल्यासारखा काढायचा, धुवायचे, वाळवायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. चौदाव्या वेळी भांडारातला कॉस्टिक सोडाच संपला. पंधरा दिवस येणार नाही म्हणाले. ठिणगी चडफडली आणि तिने मला न धुताच भट्टीत ठेवले.

तिथे तिच्या मदतीला एक बाई होती. सगळ्या संस्थेचे पंप ती सांभाळायची, म्हणून तिला पंपवाली म्हणत. हाताला कायम तेल आणि जिभेला हाड नाही. ती म्हणाली, “बरं झालं धुतली नाहीस. नवा लोखंडी तवा पहिल्या दिवशी चिकटतोच. मुरू दे जरा तिला.”

बाई चेष्टेत बोलली, पण तिचे शब्द खरे ठरले. मी स्वच्छ असताना भट्टीची धग माझ्यातून आरपार जाई आणि वायू वाटेल तिथे फुटे. काही कण आधी जन्मत, काही नंतर, आणि आधीचे नंतरच्यांना गिळून लठ्ठ होत. तपकिरी थर चढू लागला तशी मी स्वतःच धग धरू लागले. मग चार बोटांच्या पट्ट्यातच वायू एकदम फुटे आणि सगळे कण एका वयाचे, एका मापाचे बाहेर पडत. हे माझे मला कळत होते. ठिणगीलाही अर्धेमुर्धे कळत होते, कारण तिने मला त्यानंतर कधीच धुतले नाही. रोज एक प्रयोग, रोज थरावर थर.

नव्वदाव्या की एक्क्याण्णवाव्या दिवशी दुपारी तिने गाळणकागद काढला, खोलीचे पडदे ओढले आणि जांभळा दिवा लावला. कागद नारिंगी उजळला. पंपवाली “अगं बाई!” म्हणून खालीच बसली. ठिणगी तशीच धावत तळघरात गेली आणि बाबांचा हात धरून त्यांना वर घेऊन आली.

काका कागदाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “माझ्या नळीत झालं हे?”

“तुमच्याच नळीत, बाबा.”

काकांनी काळा चष्मा कपाळावर सारला आणि डोळे पुसले. मी बंद भट्टीच्या आत होते. माझी दोन टोके तेवढी बाहेर दिसत होती, आणि ती चकचकीत होती. त्यांनी एका टोकावरच्या तिळाला बोट लावले. माझ्या सगळ्या आयुष्यात एवढे सुख मला कधी मिळाले नाही. माझ्या आतला थर त्यांनी तेव्हाच पाहिला असता तर किती बरे झाले असते, असे मी हजार वेळा म्हटले असेल.

मग शोधनिबंध लिहायची वेळ आली. ठिणगी टंकत होती आणि पंपवाली मागे उभी राहून वाचत होती.

“हे काय लिहिलंस? ‘खास बनवलेली क्वार्ट्झची नळी प्रत्येक प्रयोगाआधी स्वच्छ करण्यात आली.’ कधी केलीस गं स्वच्छ?”

“अगं, सगळेच असं लिहितात. न धुतलेल्या नळीत प्रयोग केला म्हटलं तर परीक्षक हसतील. आणि बाबा? बाबा तर मला घरात घेणार नाहीत.”

“मग निदान नळीला चिठ्ठी तरी लाव, धुवू नये म्हणून.”

“माझ्या भट्टीला कोण हात लावतंय इथे? आणि कुणी वाचली तर? घाणेरडी नळी म्हणून मीच जाहीर करू?”

दोघी हसल्या. ते वाक्य तसेच राहिले. मित्रांनो, त्यात लबाडीचा हेतू नव्हता. पत्राखाली आपण सवयीने ‘सर्व कुशल’ लिहितो, तेवढ्याच सहजपणे ते वाक्य लिहिले गेले होते.

निबंध छापून आला. ठिणगीचे अभिनंदन झाले, संचालकांनी सभेत तिचे नाव घेतले. काकांनी निबंधाची प्रत मागून घेतली. शब्दकोश घेऊन ते महिनाभर त्यावर बसले म्हणे. बाकीचे त्यांच्या डोक्यावरून गेले, पण त्यांच्या नळीविषयी त्यात एक वाक्य होते. ते त्यांनी लाल पेन्सिलीने अधोरेखित केले आणि ते पान कार्यशाळेच्या भिंतीवर चिकटवले. भांडे मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ते बोट ठेवून वाचून दाखवत, “प्रत्येक प्रयोगाआधी स्वच्छ करण्यात आली. बघा. माझी मुलगी आहे ती. तिला घाण चालत नाही.” पंपवालीने हे वर येऊन सांगितले तेव्हा ठिणगी कसनुशी हसली आणि तिने विषय बदलला.

पुढे तीन ठिकाणच्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला. त्यांनी निबंधात लिहिल्याप्रमाणे दर वेळी नळी धुतली, आणि दर वेळी त्यांच्या हाती करडी भुकटी आली. आधी चौकशीची पत्रे आली, मग टोचणारी पत्रे आली. जिन्यात माणसे कुजबुजू लागली की मॅडमनी आकडे शिजवले. ठिणगी प्रत्येकाला मान ताठ ठेवून सांगे, “या आणि बघा.” शेवटी संचालकांनी तारीख ठरवली. बाहेरचे दोन तज्ज्ञ येतील, त्यांच्यासमोर प्रयोग करून दाखवायचा. नारिंगी प्रकाश दिसला तर प्रश्न मिटला. नाही दिसला तर निबंध मागे घ्यायचा आणि प्रयोगशाळा बंद.

ठिणगीला भीती नव्हती. मधे लिखाणापायी भट्टी बंद राहिलेले महिने वगळूनही माझ्या अंगावर तोवर दोनशे अकरा दिवसांचा थर चढला होता. मी पिकलेल्या चिंचेच्या रंगाची झाले होते आणि भट्टी पेटली की न चुकता नारिंगी कण देत होते. पंपवालीने मात्र दोनदा बजावले, “त्यांना आधीच खरं सांग ना, न धुतलेली नळी आहे म्हणून.”

“आधी प्रकाश दाखवते. मग सगळं सांगते,” ठिणगी म्हणाली. आदल्या दिवशी सकाळी तिने पाहुण्यांना आतली रचना दिसावी म्हणून भट्टीचे झाकण उघडून ठेवले, सगळे एकदा तपासले आणि ती त्यांना घ्यायला स्टेशनवर गेली. पंपवाली तेल आणायला शहरात गेली होती, ती थेट दुसऱ्या दिवशीच येणार होती. दार नुसते लोटलेले होते.

दुपारी फुंकरकाका आले. त्यांना निवृत्त होऊन चार महिने झाले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, छातीत भाता फुटल्यासारखा आवाज येत होता. पण लेकीची उद्या परीक्षा, त्यांना घरी कसे राहवेल? ते भट्टीपाशी आले, वाकले, आणि त्यांनी मला पाहिले.

“अगं अगं,” ते मला म्हणाले, “काय दशा करून घेतलीस ही!” मग स्वतःशीच म्हणाले, “पोरीला वेळच मिळाला नसेल. उद्या ते लोक बघतील तर काय म्हणतील?”

मित्रांनो, मला वाचा असती तर मी त्या क्षणी किंकाळी फोडली असती. काकांनी मला अलगद सोडवले, कापडात गुंडाळले आणि तळघरात नेले. त्यांच्या जागी आलेला कारागीर त्यांचाच शिष्य होता, त्याने आदराने टेबल मोकळे करून दिले. काकांनी कॉस्टिक सोडा गरम केला. तो माझ्या आत ओतला तेव्हा बुडबुडे उठले, हजारो बुडबुडे, आणि माझा थर सुटू लागला. आधी पापुद्रे निघाले, मग नुसते तपकिरी पाणी वाहिले. दोनशे अकरा दिवस मोरीतून वाहून गेले. काका मायेने मला विसळत होते. तीनदा साध्या पाण्याने, तीनदा शुद्ध पाण्याने, मग स्पिरिटने. नंतर त्यांनी मला उजेडासमोर धरले, एक डोळा मिटला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे समाधान पसरले की त्यांच्यावर रागावायचेही मला जमले नाही.

त्यांनी मला परत भट्टीत बसवले, सगळे सांधे स्वतः तपासले आणि एक चिठ्ठी लिहून भट्टीच्या कडेला अडकवली. ‘ठिणगे, नळी धुऊन ठेवली आहे. काळजी करू नकोस. बाबा.’

पाहुण्यांची गाडी उशिरा आली, त्यामुळे ठिणगी त्या दिवशी संस्थेत परतलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाहुण्यांना घेऊनच आत आली. तिच्या मागे संचालक होते. तिने आधी मला पाहिले, मग चिठ्ठी. चिठ्ठी तिने मुठीत लपवली. पंपवाली दाराशी तोंडावर हात ठेवून उभी होती.

पाहुण्यांपैकी एक जण वाकून म्हणाले, “वा! नळी अगदी निबंधात लिहिलीय तशीच ठेवलीत. आम्हाला वाटलं होतं, इथेच काही गोम असेल.”

तिच्याच वाक्याने तिचे तोंड बांधले होते. तिने प्रयोग केला. एकदा, दोनदा, तीनदा. तीन दिवस पाहुणे थांबले. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण धग माझ्यातून आरपार जात होती आणि वायू वाटेल तिथे फुटत होता. तिसऱ्या दिवशी पडदे ओढले, जांभळा दिवा लागला, आणि कागद काळाच राहिला. त्या अंधारात कोणीतरी घसा खाकरला.

पाहुणे गेल्यावर संचालक मागे राहिले. तेव्हा तिने थराची सगळी हकिगत त्यांना सांगितली आणि सहा महिने मागितले. थर पुन्हा चढवते, म्हणाली.

“धुवायची नव्हती तर धुतली कुणी?” संचालकांनी विचारले.

पंपवालीने तोंड उघडले, पण ठिणगीने तिचा दंड घट्ट धरला. “मीच धुतली, सर.”

“का?”

“घाबरले. निबंधात लिहिलं होतं म्हणून धुतली.”

“म्हणजे निबंधात लिहिलेलं तुम्ही पहिल्यांदाच केलंत, आणि प्रयोग फसला,” संचालक म्हणाले. ते दुष्ट नव्हते. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर तेच म्हणाले असते. महिन्याभरात निबंध मागे घेतला गेला.

“अगं, सांगून टाक काकांना,” पंपवाली रडत म्हणत होती. “तुझ्या आयुष्याचं मातेरं झालं आणि तू गप्प?”

“त्यांनी चाळीस वर्षं भांडी स्वच्छ करण्यात घालवली,” ठिणगी म्हणाली. “हे कळलं तर ते जेवणार नाहीत. मी ओळखते त्यांना.”

बाबांना तिने सांगितले की सिलिंडरमधला वायू खराब निघाला. मग नवीन सिलिंडर मागव, ते म्हणाले. आता मलाच या कामाचा कंटाळा आलाय, ती म्हणाली. हे मी ऐकले, कारण तोवर मी त्यांच्या घरी आले होते. प्रयोगशाळा मोडली तेव्हा काकांनी मला आठवण म्हणून मागून घेतले आणि आपल्या खोलीच्या खिडकीत दोन लाकडी टेकूंवर ठेवले. ठिणगी एका रंगाच्या कारखान्यात रंगाचे नमुने तपासण्याच्या नोकरीला लागली.

काका मला रोज सकाळी पुसत. आतून काठीला कापड गुंडाळून, बाहेरून मऊ फडक्याने. ठिणगी डबा भरून निघताना दाराशी येई आणि त्यांना पुसताना पाही. काकांच्या मनात राग होता. लेकीने हातचे सोडून दिले, त्यांच्या नळीचे चीज केले नाही, हे त्यांना खुपत होते. ते मला पुसत आणि तिला ऐकू जाईल असे म्हणत, “नळी अजून तयार आहे. माणूसच तयार नाही.” ती चपला घालून जिना उतरे. सहा वर्षे हे रोज चालले. रोज, मित्रांनो. मी दोघांच्या मध्ये खिडकीत पडलेली, सगळे माहीत असलेली, आणि मुकी.

संस्थेची एक पत्रिका निवृत्त लोकांना टपालाने येत असे. एकदा दुपारी काका माझ्या शेजारी बसून भिंगाने ती वाचत होते. दूरच्या कुठल्याशा प्रयोगशाळेने वायूपासून नारिंगी प्रकाशाचे नॅनोकण बनवले, अशी बातमी होती. काका नेहमीप्रमाणे पुटपुटत वाचत होते, म्हणून मलाही ऐकू आले. ‘यातील मुख्य युक्ती ही की नळी कधीही धुवायची नाही. आतला तपकिरी थर टिकला तरच कण एका मापाचे होतात. यापूर्वी असाच एक दावा पुराव्याअभावी मागे घेण्यात आला होता.’

काकांनी ते तीनदा वाचले. मग भिंग खाली ठेवले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुसले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ठिणगी दाराशी येई, थबके, जाई. आठ-दहा दिवसांत माझ्यावर बोटाने रेघ उमटेल एवढी धूळ बसली. मग एका सुटीच्या सकाळी ती आत आली आणि तिने कोपऱ्यातले फडके उचलले.

“राहू दे,” काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “नको पुसूस. मी पुसलं की वाटोळं होतं.”

तिच्या हातातले फडके तसेच राहिले. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“छापून आलंय.” त्यांनी पत्रिका तिच्याकडे सरकवली. “सहा वर्षं मी तुला टोचून बोललो गं. तू एकदाही... का नाही सांगितलंस?”

ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली, लहानपणी खोक्यावर बसायची तशी गुडघे पोटाशी घेऊन. “काय सांगू, बाबा? नळी धुतली जाते असं मी लिहिलं होतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. खोटं मी लिहिलं होतं.”

“अगं, मी विचारायला नको होतं का?”

“कुणाला विचारणार? तुम्ही तर निबंध वाचला होता.”

मग दोघेही रडले. काका लहान मुलासारखे हुंदके देत होते आणि मध्ये मध्ये त्यांना खोकल्याची उबळ येत होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “आठवी नळी करून देतो तुला. तू पुन्हा सुरू कर.” दुसऱ्याच दिवशी ते काठी टेकत संस्थेच्या तळघरात जाऊन आले. बर्नर पेटला, काच पांढरी झाली, पण रबराच्या नळीतून फुंकर काही जाईना. त्यांच्या शिष्याने मदत करू का विचारले तेव्हा ते नको म्हणाले आणि घरी परतले. आल्यावर मला म्हणाले, “श्वासच उरला नाही गं.”

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. जाण्याआधी त्यांनी ठिणगीचा हात धरून एकच विचारले, “नळी चांगली होती ना?” आणि या वेळी तिला खोटे बोलावे लागले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, आम्हाला स्वच्छ ठेवा. मी ती विनंती कोणत्या तोंडाने करू? मला जेवढे जपले तेवढे कुणाला जपले नसेल, आणि त्या जपण्यानेच माझे काम संपले. माझे मागणे वेगळे आहे. जे केले नाही ते केले म्हणून लिहू नका, सगळे तसे लिहीत असले तरी. तुमच्या त्या ओळीवर कोणीतरी मनापासून विश्वास ठेवणारे असते. आणि दुसऱ्याच्या कामाला प्रेमाने हात लावण्याआधी, एकदा त्याला विचारा.

ठिणगी आता एकटी असते. केस पिकले आहेत. सुटीच्या सकाळी ती माझ्याजवळ येऊन बसते. माझ्या आत, जिथे वायूचे कण होत असत, तिथे तिने एक कागद गुंडाळून ठेवला आहे. तो ती बाहेर काढते, उलगडते आणि वाचते. ‘ठिणगे, नळी धुऊन ठेवली आहे. काळजी करू नकोस.’ कागद पिवळा पडून आता तपकिरी होऊ लागला आहे. वाचून झाले की ती तो पुन्हा आत सरकवते आणि फडके घेते. मला ती फक्त बाहेरून पुसते. आतून कधीच पुसत नाही.